पाहुण्याचे बूट

कामिसावा
१९ नोव्हेंबर १९७८

चि. सौ. सुमिएस,
तोकुजीमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा तुझ्या आईला शेवटचा निरोप देऊन मी संध्याकाळच्या आत घरी पोचलो. सुखरूप म्हणवत नाही, कारण त्या दिवसापासून माझा उजवा पाय सुजला आहे. देवळात एवढा वेळ गुडघे मोडून बसलो त्याचं असेल असं आधी वाटलं. पण डावा पायही तसाच बसला होता, त्याला काही नाही. एकाच पायाला सूज येणं वाईट, असं मी ऐकून आहे. खालच्या आळीतला न्हावी असाच एका पायाने सुरू होऊन गेला.

चमत्कारिक गोष्ट अशी, की घरात पाय गप्प असतो. लाकडी खडावा घालून विहिरीवर जातो तेव्हाही गप्प. बूट घातले की बोटं चेपून कळ मस्तकात जाते. पिंपं बांधताना माप घ्यायच्या दोरीने दोन्ही पाय मोजले, तर तंतोतंत सारखे निघाले. म्हणजे सूज आत आहे. दोनदा मुळ्याचा लेप लावला. लघवी किती वेळा होते तेही लक्षात ठेवतो आहे.

आता मनातलं लिहितो. तो मागच्या ओळीत येऊन बसला होता, हे त्याच्याकडे पाठ असूनही मला कळलं. मी वळून पाहिलं नाही. भिक्षूबुवांचं पठण संपायच्या आत तो उठून गेला, तेही कळलं. भाऊ म्हणून बहिणीच्या शेवटाला आला, त्याला मी काही म्हणत नाही. पण येत्या एप्रिलात माझ्या घरी आईचं, गेली ते साल पहिलं धरून, तेहेतिसावं श्राद्ध आहे. ते शेवटचं. त्यानंतर आई आपली न राहता सगळ्या पितरांत मिसळून जाणार. त्या दिवशी तो माझ्या दारात नको. किनुताई दर वर्षी त्याच्यासाठी मला भीड घालायची. तू तिची मुलगी आहेस म्हणून आधीच सांगून ठेवतो.

गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपत जा. मामावर माया आहे ती असू दे.

तुझा,
तोकुजीमामा


तानिगुची
२५ नोव्हेंबर १९७८

ती. तोकुजीमामांच्या चरणी,
सुमिएचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आठ दिवसांत पहिल्यांदा हसले. आईच्या फोटोपुढे मोठ्याने वाचलं. मामा, घरात न सुजणारा आणि बुटात सुजणारा पाय मी तरी ऐकला नाही. मूत्रपिंडाला बूट कळत नाहीत. तेव्हा मुळा आमटीत घाला आणि पायाऐवजी बूट तपासा. त्या दिवशी पठण चालू असताना गारांचा पाऊस आला, तेव्हा देवळातल्या बायकांनी पायऱ्यांवरचे सगळे जोडे पटापट उचलून आतल्या फळीवर मांडले. अंत्यविधीचे काळे बूट सगळे सारखेच. कोणाचे कुठे गेले असतील, देव जाणे. मिस्टरांना दोन्ही डाव्या पायाचे आले होते, ते दारातच कळलं म्हणून बरं.

दुसरी बातमी सांगू की नको, असं चार दिवस चाललं होतं. रागावू नका. थोरले मामा त्या दिवशी परत जाताना बसच्या थांब्याच्या पायऱ्यांवरून पडले. कमरेचं हाड मोडलं. बंदराजवळच्या दवाखान्यात आहेत. त्यांच्या शेजारी जाळी विणणारी बाई राहते, तिने कळवलं. उजव्या पायातला बूट अचानक निघाला आणि ते तोल जाऊन आपटले, असं ती म्हणाली. एकसष्ट सालापासून रोज त्याच पायऱ्या चढणारा माणूस असा कसा पडला, याचं तिला नवल वाटतं.

श्राद्धाचं आत्ता काही बोलत नाही. आईची जागा घरात इतकी रिकामी दिसते की भांडायला बळ नाही. प्रकृती जपा, आणि आईवर होती तेवढीच मर्जी माझ्यावर ठेवा.

तुमची,
सुमिए


कामिसावा
३० नोव्हेंबर १९७८

चि. सौ. सुमिएस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बूट तपासले. माझे नाहीत. माझ्या टाचेला मी स्वतः तीन तांब्याचे खिळे ठोकले होते, पिंपाच्या पट्ट्याला ठोकतो ते. यांच्या टाचेला एकही नाही. दोन आठवडे मी दुसऱ्याचे बूट घालून सोसायटीत गेलो, देवळात गेलो, एकदा सरपंचाकडेही गेलो. लाज वाटायला हवी. पण लाजेपेक्षा दुसरंच काहीतरी वाटतं आहे, ते लिहितो.

उजव्या बुटात हात घातला तर पुढे चिंधीचा गोळा हाताला लागला. ओढून काढला. गोळा कसला, नीट शिवलेली छोटी उशी आहे. जुन्या निळ्या सुती कापडाची, आत कापूस. एका कडेला जाड, दुसरीकडे निमुळती. टेबलावर ठेवून पाहिलं आणि ताडकन उठलो. पाचही बोटं नसलेल्या पायापुढे बसेल, असा तिचा आकार आहे.

आणि टाका तुझ्या आईचा आहे. दुहेरी, प्रत्येक चौथ्या टाक्याला गाठ. तिने मला शिवलेल्या बंडीवर तोच टाका आहे. दोन्ही शेजारी ठेवून खिडकीत नेऊन पाहिलं.

ते कोणाचे आहेत ते मला लगेच कळव. तुझं पत्र मी पाच वेळा वाचलं. उजव्या पायातला बूट निघाला, असं तू लिहिलं आहेस. माझ्या बुटात पुढे काही नव्हतं. तो माझा बूट असेल, तर त्याच्या पायाला पुढे धरायला काहीच नव्हतं. हे मी लिहितो आहे पण मला ते खरं व्हायला नको आहे. त्याच्या पायाला काय झालं आहे? तो चालतो कसा, ते मी पाहिलेलंच नाही. एकतीस वर्षं तो समोर दिसला की मी मान फिरवली.

तू तेव्हा सतरा वर्षांची होतीस, तुला ठाऊक आहे. तरी माझ्या हाताने लिहितो. आई एप्रिलात गेली. तो सैबेरियात रशियनांच्या कैदेत होता, जिवंत की मेला, कळायला मार्ग नव्हता. एकोणपन्नासाव्या दिवसाच्या श्राद्धाला घरात भिक्षूबुवा, सगळी वाडी, सगळे शांत बसलेले. नव्या चटया घातल्या होत्या, गवताचा वास येत होता. आणि तो दारातून आला तो थांबला नाही. चिखलाने भरलेले लष्करी बूट घालून चटयांवरून सरळ आत, आईच्या नावाच्या पाटीपुढे जाऊन वाकला. डाव्या कानाने ऐकू येत नाही म्हणून लष्कराने मला घेतलं नव्हतं, आणि वाडीत त्यावरून लोक काय बोलतात ते मला ठाऊक होतं. मला वाटलं, तू घरी बसून राहिलास, तुझ्या घराची काय किंमत, हेच तो बुटांनी सांगतो आहे. सगळ्यांदेखत मी म्हणालो की ही बराक नाही, आईचं घर आहे, चालता हो, पुन्हा उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस. तो तसाच वळला. चालता झाला. चिखलाचे अकरा डाग होते. ते मी स्वतः पुसले.

उत्तर लवकर दे. घाईत लिहितो आहे, अक्षराकडे पाहू नकोस.

तुझा,
तोकुजीमामा


तानिगुची
७ डिसेंबर १९७८

ती. मामांच्या चरणी,
सुमिएचा शि. सा. न. वि. वि.

बूट थोरल्या मामांचेच आहेत. माझ्याकडून हे तुम्हाला कधी कळू नये अशी शपथ आईने मला घातली होती. आज ती मोडते. आई रागावली तर स्वप्नात येईल, तेवढंच भेटणं होईल.

सैबेरियातल्या दुसऱ्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या पायाची पाचही बोटं गळून पडली. बोटीवरून उतरले तेव्हा जखम भरलेली नव्हती, पू वाहत होता, चिंध्या कातडीला चिकटल्या होत्या. आजी गेल्याचं त्यांना स्टेशनवर कोणीतरी सांगितलं. तिथून ते चालत आले. दारात बूट काढायला वाकले, पण तो पाय आणि त्याचा वास घेऊन नव्या चटईवर, आजीपुढे, सगळ्या वाडीपुढे जायचं त्यांना धैर्य झालं नाही. न जाता परत फिरणंही जमेना. बूट वाईट की तो पाय वाईट, एवढाच विचार केला आणि बूट कमी वाईट ठरवले, असं त्यांनी आईला नंतर सांगितलं.

आई तेव्हाच तुमच्याकडे यायला निघाली होती. त्यांनी अडवलं. म्हणाले, तोकुजी चारचौघांत बोलून बसला आहे, आता खरं कळलं तर तो मान वर करून वाडीत चालायचा नाही. मला राग सोसतो, त्याला शरम सोसायची नाही. त्याला लहानपणापासून ताप आला तरी मरणार असं वाटतं.

दर वर्षी पहिल्या बर्फाआधी आई नवी उशी शिवून पाठवायची. ही शेवटची. मे महिन्यातच शिवून ठेवली होती, तेव्हा मला कळायला हवं होतं.

आणि मामा, थोरले मामा कोणाच्या घरी जायचे नाहीत. बोलावलं तर काम आहे म्हणायचे. जिथे बूट काढावे लागतात तिथे ते गेलेच नाहीत. आईसाठी त्या दिवशी देवळात पहिल्यांदा काढले. तुम्ही वळून पाहिलं असतं तर पाय दिसला असता. म्हणून मागे बसले, म्हणून लवकर उठले, आणि घाईत फळीवरचे हाताला आले ते बूट घातले. त्यांच्या पायाच्या पुढच्या भागाला स्पर्श कळत नाही, म्हणून आत उशी नाही हे लक्षात आलं नाही.

बूट मी पोचवू शकते. पण तुम्ही पोचवावे असं मला वाटतं. माझ्यावरची मर्जी कमी झाली असेल तर ती नंतर भरून काढा, आधी दवाखान्यात जा.

तुमची,
सुमिए


कामिसावा
२० डिसेंबर १९७८

चि. सौ. सुमिएस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

जाऊन आलो. जाऊन आलो म्हणण्यासारखं काही केलं नाही, ते ऐक.

पुसून, पॉलिश करून, उशी आत बसवून बूट कापडात बांधले. दवाखान्याच्या दारात स्वतःचे जोडे काढून तिथल्या सपाता घातल्या. दारातल्या बाईने विचारलं, पेशंटचे कोण. माझ्या तोंडून निघालं, शेजारी. का निघालं, ठाऊक नाही. भाऊ म्हणायचा हक्क आहे का, याचा विचार करायला वेळ नव्हता.

तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. केस सगळे गेले आहेत, मागून बाबांसारखा दिसतो. पांघरूण एका बाजूला सरकलं होतं आणि तो पाय बाहेर होता. सुमिए, मी तो पाहिला. पुढे सपाट आहे, करवतीने कापलेल्या फळीसारखा. कातडी गुळगुळीत आणि निळसर. मी पांघरूण ओढून झाकला, आणि झाकल्यावर वाटलं की यालाही तेच करायचं होतं, झाकायचं होतं, दुसरं काही नव्हतं.

पलंगाखाली माझे बूट होते, तीन खिळ्यांचे. ते घेतले, त्याचे ठेवले. हाक मारायची म्हणून तोंड उघडलं, पण दादा हा शब्द इतक्या वर्षांत वापरलाच नाही, तो बाहेर येईना. धाप लागली. दवाखान्यात मरायला सोय बरी, असंही मनात आलं. आणि मी पळून आलो. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की पायात दवाखान्याच्या सपाताच आहेत. माझे जोडे त्यांच्या दारात राहिले. मांडीवर खिळ्यांचे बूट होते, ते घातले.

सपाता टपालाने परत पाठवल्या आहेत. कोणाला सांगू नकोस. झाल्या प्रकारानंतरही मामा म्हणशील तर बरं वाटेल.

तोकुजी


कामिसावा
२ फेब्रुवारी १९७९

ती. दादांच्या चरणी,
तोकुजीचा शि. सा. न. वि. वि.

मी चौथीपर्यंत शिकलो, तू आठवीपर्यंत. तेव्हा चुका झाल्या तर हसून सोडून दे. हे पत्र नववं आहे. आठ चुलीत गेली.

तुझ्या पायाचं मला कळलं. सुमिएवर रागावू नकोस, टाक्यावरून मीच ओळखलं होतं. तू त्या दिवशी बूट का काढले नाहीस, हे मी एकदा विचारलं असतं तर पुरे होतं. मी डाग मोजले. तू पडलास तोही माझ्या बुटामुळे. क्षमा कशी मागतात ते मला येत नाही, म्हणून जे येतं ते केलं आहे.

अठरा एप्रिलला आईचं शेवटचं श्राद्ध आहे. दारापासून आईच्या पाटीपर्यंत अंथरायला मी भाताच्या पेंढ्याच्या चटया विणतो आहे. अर्ध्याच्या वर झाल्या. तू बूट घालून ये. काढू नकोस. वाडीतले सगळे बसलेले असतील, त्यांच्यासमोर तू बुटांनी आत यायचं आणि मी तुला हाताला धरून न्यायचं, असं ठरवलं आहे. भिक्षूबुवांना सांगून ठेवलं. ते म्हणाले, पाऊस असेल तर चिखल जरा झटकून या म्हणावं.

तू आला नाहीस तर आईला मी काय सांगणार, याची मला फार काळजी लागली आहे. झोप नाही, जेवण जात नाही. हे दटावणं नव्हे, खरंच जात नाही.

माझ्यावर लोभ ठेव असं लिहायची पद्धत आहे. मी लिहीत नाही, तुझं तू ठरव.

तुझा,
तोकुजी


बंदर आळी
२६ फेब्रुवारी १९७९

चि. तोकुजीस,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. मी झोपलो नव्हतो. दारातून तुझ्या धापा ऐकू आल्या तेव्हाच ओळखलं. लहानपणी शेजारच्यांच्या झाडावरची पर्सिमनची फळं चोरतानाही तू अशाच धापा टाकायचास आणि आपण पकडले जायचो. वळून बोललो तर तू दवाखान्यातच पडशील अशी भीती वाटली, म्हणून भिंत पाहत राहिलो. पांघरूण घातलंस ते बरं केलंस, पाय गारठला होता. जोडे तुझे इथे आहेत. दारातली बाई विचारत होती, तुमचे शेजारी नेहमी असेच जातात का.

पेंढ्याच्या चटया विणणं बंद कर. आईला वाटेल आपण भात झोडायला बसलो आहोत. एकदा बूट घालून आईपुढे गेलो, ते एकतीस वर्षं पुरलं. पुन्हा जाणार नाही.

बूट काढायचे तर पायाकडे लोक बघणार. या वयात बघितलं तर बघितलं, असं रोज स्वतःला सांगतो, आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा नको वाटतं. काठी घेऊन अंगणभर चालता येतं. उशी दबून गेली आहे, बूट सैल पडतो. किनुताई नाही, आता कोण शिवणार. तेव्हा येतो असं लिहीत नाही. तू जेवत जा.

इसाकु


कामिसावा
२२ एप्रिल १९७९

चि. सौ. सुमिएस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला ताप आल्यामुळे येता आलं नाही, याची मला चार दिवस रुखरुख आहे. आता उतरला का ते कळव. घसा दुखत असेल तर सांग, साधा ताप आणि घशाचा ताप यात फरक असतो.

आईचं श्राद्ध कसं झालं ते सांगतो. मार्चात मी तुझ्या आईच्या उशीचा आकार आठवून आणि बंडीवरचा तिचा टाका पाहून तशीच नवी शिवली. पिंप बांधणाऱ्या हाताला सुई म्हणजे तुसासारखी. तीन बिघडल्या. चौथी वाकडी झाली पण दबत नव्हती, ती पाठवली. उत्तर आलं नाही. मी रोज टपालवाल्याला विचारत होतो. शेवटी तोच मला पाहून रस्ता बदलायला लागला.

अठरा तारखेला दहा वाजता सगळे जमले. भिक्षूबुवा दोनदा घसा खाकरून माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, अजून थोडं. मग काठीचा आवाज आला. मी दारात गेलो. तो खाली उभा होता, टोपी हातात, घामाघूम. तो पायरीवर बसला. डावा बूट काढला. उजव्याला हात लावला आणि तसाच राहिला. आतून सगळी वाडी बघत होती. मी खाली उतरून गुडघ्यावर बसलो आणि म्हणालो, मी काढतो. तो म्हणाला, घाण वाटेल. मी म्हणालो की तू माझं नाक पुसलेलं आहेस, गप्प बस. बूट काढला. वाकडी उशी आत होती. मोजा ओढून नीट केला आणि त्याला हाताला धरून वर घेतलं. चटईवर तो इतका हळू चालला की मला वाटलं, चटईला दुखेल अशी याला भीती वाटते आहे. आईपुढे तो पाय बाजूला काढून बसला. सरपंचाची म्हातारी तेवढी रडली, पण ती सगळीकडेच रडते.

दारातले त्याचे बूट मी जागेवर ठेवून दिले होते. जेवणं झाली, लोक गेले. चारच्या बससाठी तो उठला. पायरीशी येऊन पाहतो तर बूट जसे काढले तसेच, टोकं घराकडे. तो म्हणाला, साठी उलटून गेली तरी पाहुण्याचे बूट बाहेर तोंड करून ठेवावेत हे तुला कोणी शिकवलं नाही का. भिक्षूबुवा छत्री शोधत तिथेच होते, त्यांच्यासमोर म्हणाला.

मी म्हणालो, पाहुण्याचे फिरवतात.

तो बूट घालायला वाकला, आणि पुन्हा सरळ झाला. पायरीवर बसून राहिला. मीही शेजारी बसलो. बस वळणावर आली, थांबली, गेली. दोघांनीही पाहिलं.

आज चौथा दिवस. आमटी खारट आहे, पिंपं गळतात, मी घोरतो, अशी त्याची तक्रार चालू आहे. किती दिवस राहणार, ते विचारायचं मला धाडस होत नाही, आणि विचारलं नाही तर जाईल अशीही धास्ती आहे. रोज सकाळी उठून आधी दारात जाऊन पाहतो. बुटांची टोकं अजून घराकडे आहेत.

तुझ्या आईला फोटोपुढे हे वाचून दाखव. आमच्या दोघांवर तिची होती तेवढी माया तू ठेव, माझ्या एकट्यावर ठेव असं आता लिहीत नाही.

तुझे,
तोकुजीमामा आणि थोरले मामा
(त्याने सही करायला नकार दिला, पण पत्र शेजारी बसून वाचलं.)